पॉल एर्लिख : रंगांतून औषधाचा वेध घेणारा शास्त्रज्ञ

नवी दिल्ली, २० ऑगस्ट : रोगजंतूला नेमके गाठणारे, परंतु रुग्णाच्या शरीराला इजा न करणारे औषध शोधण्यासाठी आयुष्य वेचणारे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांचा आज स्मृतिदिन.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तत्कालीन प्रशियातील स्ट्रेहलेन येथे झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्यांनी कृत्रिम रंगांवर प्रबंध सादर केला. विशिष्ट रंग विशिष्ट पेशींनाच चिकटतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांच्या मनात विचार आला, की रंगाप्रमाणे औषधालाही आपले लक्ष्य निवडता येईल. १८९१ मध्ये त्यांनी मिथिलीन ब्लू हा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांवर वापरून पाहिला.

रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ मध्ये त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना ६०६ क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त संयुग उपदंशावर गुणकारी आढळले. १९१० मध्ये ते ‘साल्व्हार्सान’ नावाने बाजारात आले. असंख्य रुग्णांना त्याचा लाभ झाला. मात्र दुष्परिणामांमुळे एर्लिख यांच्यावर तीव्र टीकाही झाली.

१९१२ मध्ये त्यांच्या संशोधनातून अॅक्रिफ्लेविन हे पिवळे रंगद्रव्य पुढे आले. जखमा निर्जंतुक करण्यासाठी ते पुढे सर्वत्र वापरले गेले. मात्र ते पेशीत नेमके कोठे चिकटते, हे उमगण्यापूर्वीच, २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे एर्लिख यांचे निधन झाले.

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली. १९६१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लिओनार्ड लर्मन यांनी याच कुळातील रंगद्रव्यांचे कोडे सोडविले. त्यांचे चपटे रेणू डीएनएच्या शिडीतील दोन पायऱ्यांमध्ये शिरतात. त्यामुळे पायऱ्यांमधील ३.४ अँगस्ट्रॉमचे अंतर सुमारे दुप्पट होते, सर्पिलाचा पीळ सैलावतो आणि पेशीला डीएनएची अचूक प्रत काढणे कठीण जाते.

याच कुळातील अॅमसॅक्रिन हे औषध पुढे रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. परंतु जंतू, कर्कपेशी आणि निरोगी पेशी या साऱ्यांच्या डीएनएची घडण एकच असल्याने असे रेणू निरोगी पेशींनाही अपाय करतात. रेणूने चिकटावे, पण केवळ शत्रूलाच, हा एर्लिख यांचा ध्यास आजही औषधशास्त्रापुढील आव्हान आहे.