सावे दादांची हरवलेली रिळे

सिनेमाचा इतिहास सांगायला सुरुवात होते ती कारखान्याच्या फाटकापासून, आणि आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना ही गोष्ट विशेष जवळची वाटायला हवी. फ्रान्समधील लिऑन शहरात ल्युमिएर बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा बनविण्याचा कारखाना होता. सुट्टी झाल्यावर त्यातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी १८९५ मध्ये चित्रित केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या सहा चित्रफिती दाखविल्या गेल्या. त्यांत हीही होती.

या खेळांनी एका मराठी छायाचित्रकाराला झपाटले. ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा. जन्म १८६८ चा. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ साली आला, हे शाळकरी मूलही सांगेल. पण त्याआधी चौदा वर्षे दुसऱ्या एका हरिश्चंद्राने कॅमेऱ्याचे हँडल फिरविले होते, हे आपण सहसा विसरतो.

दादांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागविला. तेव्हाच्या हिशेबाने तीनशेवर रुपये! १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती झाली, ती त्यांनी टिपली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. काय उमटले आहे, हे कळायलाच आगबोटीची वाट पाहायची! दरम्यान दादांनी प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी चित्रफितींचे खेळ उघड्यावर लावले.

मग त्यांनी माकडांचा खेळ चित्रित केला. रँग्लर परांजपे केंब्रिजला गणितात पहिले येऊन १९०१ च्या डिसेंबरात परतले, तेव्हा चौपाटीवर झालेले त्यांचे स्वागतही दादांनी टिपले. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांच्या कॅमेऱ्यात आला. पुढे त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि गेइटी थिएटरचा कारभार पाहिला.

मला दादांची निवड मोलाची वाटते. त्यांनी देवादिकांच्या कथा शोधल्या नाहीत. लोक सुट्टीच्या दिवशी जिथे जमतात, हसतात, खांद्यांवरून माना उंचावून पाहतात, तिथे ते तिवई घेऊन गेले. कुस्ती कोण जिंकले, याहून भोवतालच्या गर्दीने कोणती पागोटी घातली होती, हे आज आपल्याला पाहायचे असते. पण पाहणार कसे? त्यांचे एकही रीळ आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये; दादा १९५८ सालीच गेले होते.

हे आठवले की मला माझ्या माळ्यावरचा डबा दिसतो. पिंपरीत नोकरीला लागल्यावर मी आगफाचा क्लिक थ्री घेतला. एका रोलवर बाराच फोटो, म्हणून प्रत्येक वेळी बोट दाबण्याआधी दहादा विचार. रविवारी सायकली काढून आम्ही मोरया गोसावींच्या समाधीजवळ पवनेच्या घाटावर जात असू. कधी चाकणला संग्रामदुर्गाचा तट पाहायला, तर कधी लोकलने मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांत. फोटोंत मित्र मध्यभागी आहेत. मागे मात्र शेते आहेत, बैलगाड्या आहेत, मोकळा हमरस्ता आहे. १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या गावाचा तो चेहरा आता त्या मागच्या भागातच उरला आहे.

असे डबे निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कितीतरी घरांत असतील. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर घोळक्याने काढलेले, खंडेनवमीला यंत्राला हार घातल्यावर काढलेले फोटो. घर बदलताना हे डबे प्रथम भंगारात जातात. कृपा करून तसे होऊ देऊ नका. निगेटिव्ह ओलीपासून दूर, कागदी पाकिटांत ठेवा. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने साल, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. ही नावे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. तिला या रविवारीच विचारा.