विश्लेषण : कोल्हापुरातील शाळांसाठी स्वतःच्याच मिशनशी भांडणारे रॉयल वायल्डर कोण होते?

कोल्हापुरातले वायल्डर मेमोरियल चर्च अनेकांनी पाहिलेले असते. पण ज्यांच्या नावाने ते उभे आहे, त्यांच्याच संस्थेने एकेकाळी कोल्हापूरचे काम गुंडाळले होते. वादाचे कारण होते शाळा.

वायल्डर कोल्हापुरात कसे आले?

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशन संस्थेने त्यांना १८४६ मध्ये भारतात पाठवले. काही वर्षे अहमदनगरला काम करून १८५२ मध्ये ते पत्नी एलिझा यांच्यासह कोल्हापुरात आले. धर्मप्रचाराबरोबर त्यांनी शाळाही काढल्या.

वाद नेमका काय होता?

बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीसाठी भारतात आले. त्यांचे गणित सरळ होते. देणगीदार पैसा देतात तो धर्मप्रचारासाठी, मग तो शाळांवर, त्यातही इंग्रजी शिक्षणावर कशाला घालवायचा? इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरी धरतो, चर्चकडे फिरकत नाही. त्यानंतर मराठी मुलखातल्या मिशन शाळांवर कात्री चालली.

वायल्डर यांना हे पटले नाही. शाळा हा मिशनच्या कामाचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. अर्थात त्यांनाही धर्मप्रसार हवाच होता. तो हेतू झाकण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, शिक्षणाला ते वाया गेलेला खर्च मानत नव्हते.

१८५७ मध्ये ते अमेरिकेला परतले आणि बोर्डाने कोल्हापूरचे केंद्र बंद केले. वायल्डर गप्प बसले नाहीत. १८६१ मध्ये त्यांनी बोर्डाच्या भारतातील शाळांवर एक जाडजूड पुस्तकच छापले आणि त्याच वर्षी कोल्हापूर पुन्हा गाठले. आता पाठीशी संस्था नव्हती. हितचिंतकांच्या मदतीवर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम रेटले. १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने हे मिशन आपल्याकडे घेतले.

हाती काय लागले?

वायल्डर १८७५ मध्ये मायदेशी गेले. त्यांच्या शाळांतून सुमारे ३,३०० मुले शिकली, त्यात ३०० मुली होत्या, अशी नोंद एका जुन्या अमेरिकी चरित्रकोशात आहे. म्हणजे अकरा विद्यार्थ्यांमागे एक मुलगी. आज हे प्रमाण खटकेल. पण कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय यायला १९१७ साल उजाडले, हेही ध्यानात घ्यावे लागते.

बंद पडलेले हेच मिशन पुढे वाढले. त्याच्याच वतीने डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले.

वायल्डर यांनी ते पाहिले नाही. १८८७ मध्ये त्यांचे अमेरिकेत निधन झाले. त्यानंतर एलिझा मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा कोल्हापूर मिशनच्या कामावर रुजू झाल्या.