राजवाड्यातून लाकडी चर्चकडे : फादर गॅलिट्झिन यांची कहाणी



धर्मग्राम वाढू लागला की आनंद होतो, पण सोबत काळजीही येते. बाके अपुरी पडतात, जुनी आणि नवी कुटुंबे एकमेकांना ओळखत नाहीत, खर्च वाढतो आणि कुरबुरीही वाढतात. आपल्यालाच हे सोसावे लागते असे आम्हांलाही कधी कधी वाटते. म्हणून या रविवारी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लोरेटो या लहानशा गावाची आणि तेथील पहिल्या प्रमुख धर्मगुरूंची ओळख करून घेऊ या.

दिमित्री गॅलिट्झिन यांचा जन्म २२ डिसेंबर १७७० रोजी हॉलंडमधील हेग शहरात झाला. वडील रशियाचे राजपुत्र आणि तेथील राजदूत. आई प्रशियाच्या फील्डमार्शलची कन्या. वॉल्टेअर आणि दिदेरो या विचारवंतांशी वडिलांचा स्नेह होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ही नावे आम्ही वाचली तेव्हा धर्मावर त्यांनी केलेली टीकाच लक्षात राहिली होती. अशा घरात देवाचे नाव क्वचितच निघे. पण १७८६ मध्ये आजारातून उठलेली आई आपल्या कॅथलिक श्रद्धेकडे परतली, आणि पुढच्याच वर्षी मुलानेही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. आईच्या प्रार्थनेत केवढे बळ असते, हे आपल्या घराघरातील मातांना वेगळे सांगायला नको.

मुलाने जग पाहावे म्हणून १७९२ मध्ये त्याला अमेरिकेला पाठवण्यात आले. लवाजमा नको म्हणून तो साध्या नावाने प्रवास करीत होता, आणि तेथे तो ‘स्मिथ’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. प्रवास संपवून त्याने सैन्यात मोठे पद घ्यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. तो मात्र बाल्टिमोरच्या सेमिनरीत दाखल झाला. १८ मार्च १७९५ रोजी बिशप जॉन कॅरल यांनी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

पुढच्या वर्षी एका आजारी स्त्रीसाठी त्यांना अ‍ॅलेगनी पर्वतातील दूरच्या वस्तीवर बोलावणे आले. घोड्यावरून कित्येक दिवसांची वाट होती. तेथे जंगल तोडून राहिलेली मोजकी कॅथलिक कुटुंबे त्यांना भेटली. वस्तीचे संस्थापक कॅप्टन मायकल मॅग्वायर यांनी चर्चसाठी ४०० एकर जमीन बिशपांच्या नावे ठेवली होती, पण धर्मगुरू नव्हते. फादरांनी ती जागा मागून घेतली. १७९९ च्या नाताळात ओंडक्यांनी बांधलेल्या चर्चमध्ये तेथील पहिली मिस्सा झाली. इटलीतील मारियामातेच्या तीर्थक्षेत्रावरून त्यांनी गावाला लोरेटो हे नाव दिले.

नुसते चर्च बांधून धर्मग्राम होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. माणसे टिकायची तर पोट भरले पाहिजे. त्यांनी भोवतालच्या जमिनी विकत घेतल्या आणि गरीब कुटुंबांना थोड्या पैशांत, तेही उधारीवर दिल्या. दळणाची गिरणी आणि लाकूड कापण्याची गिरणी उभारली, अनाथ मुलांना आसरा दिला. हे सारे कर्ज काढून चालले होते, कारण वडिलांच्या इस्टेटीतून ते फेडता येईल असा त्यांचा भरवसा होता.

१८०३ मध्ये वडील वारले. कॅथलिक धर्मगुरू झालेल्या मुलाला रशियाच्या कायद्याने वारसाहक्क नाकारला. बहिणीने वाटा देण्याचे वचन दिले होते. त्यातले थोडेच पैसे पोहोचले, आणि तिच्या विवाहानंतर तेही आटले. सावकार दाराशी आले. त्याच काळात धर्मग्रामातील काही जण त्यांच्या विरोधात गेले आणि बिशपांकडे तक्रारी झाल्या. ज्यांना जमीन दिली, त्यांच्यातलेच काही उलटले! बिशप कॅरल मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

येथे आम्ही थोडे थांबतो. धर्मगुरूही माणूसच असतो. एक तक्रार आली तरी आमची झोप उडते, बदली मागावी असे मनात येते. फादर गॅलिट्झिन यांना ती वाट मोकळी होती. आईचे घराणे होते, युरोप होता. पुढे बिशपपदासाठीही त्यांचे नाव पुढे आले. ते त्यांनी टाळले. ते लोरेटोतच राहिले. हिशेबात ते चुकले, हेही मान्य केले पाहिजे. न आलेल्या पैशांवर त्यांनी फार मोठा डोलारा उभारला. पण त्या चुकीचा भार त्यांनी लोकांवर टाकला नाही. १८२७ मध्ये त्यांनी देशातील कॅथलिकांकडे उघडपणे मदत मागितली. राजपुत्राने हात पसरला, तो स्वतःसाठी नव्हे! आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते कर्जातून बरेचसे मोकळे झाले.

उतारवयात घोड्यावरून पडल्यावर ते घसरगाडीत बसून आजाऱ्यांकडे जात. ६ मे १८४० रोजी लोरेटोतच त्यांनी देह ठेवला. तोवर त्या डोंगराळ भागात हजारो कॅथलिक राहू लागले होते. १८४७ मध्ये तेथे फ्रान्सिस्कन बंधू आले. त्यांनी सुरू केलेल्या शाळेचे पुढे विद्यापीठ झाले. गावातच वाढलेले पोलाद उद्योगपती चार्ल्स श्वाब यांच्या देणगीतून दगडी चर्च उभे राहिले, आणि १९९६ मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. २००५ मध्ये ख्रिस्तसभेने फादरांना ‘देवाचा सेवक’ म्हणून घोषित केले.

आपल्याकडे इस्टेट सोडून आलेला राजपुत्र नाही, आणि त्याची गरजही नाही. पण नव्या कुटुंबाला उभे राहायला हात देणे, हिशेब उघडा ठेवणे, आणि रुसवा झाला तरी धर्मग्राम न सोडणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. आज मिस्सेनंतर घरी जाण्याआधी बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबाचे नाव विचारा. सुरुवात तेवढ्यानेही होईल. आम्हीही तेच करणार आहोत.

तुमचे प्रमुख धर्मगुरू