कृष्ण पाल

कृष्ण पाल (इ.स. १७६४ – इ.स. १८२२) हे बंगालमधील ख्रिस्ती धर्मोपदेशक व गीतकार होते. विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बॅप्टिस्ट मिशनकडून बाप्तिस्मा घेणारे ते पहिले बंगाली हिंदू होत. बंगालमध्ये रोमन कॅथलिक ख्रिस्ती त्यापूर्वीही होते; त्यामुळे त्यांचे पहिलेपण या मिशनपुरते समजले जाते.

पूर्वायुष्य

कृष्ण पाल यांचा जन्म चंद्रनगरजवळ झाला. ते व्यवसायाने सुतार होते आणि श्रीरामपूर येथे राहत. आध्यात्मिक ओढीमुळे ते कर्ताभजा या पंथात सामील झाले होते व त्यांनी अनेक वर्षे त्या पंथाचा उपदेश केला.

धर्मांतर

कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आले. परंतु सात वर्षांत एकाही भारतीयाने त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला नव्हता. कॅरींचे मुन्शी रामराम बसू यांना ख्रिस्ती मताविषयी आस्था होती, तरीही त्यांनी शेवटपर्यंत धर्मांतर केले नाही. जातिबहिष्काराचे भय हा यातील मोठा अडसर होता.

नोव्हेंबर १८०० मध्ये पडल्यामुळे कृष्ण पाल यांचा हात निखळला. मिशनचे वैद्य जॉन थॉमस यांनी तो बसवला व त्यांना ख्रिस्ताविषयी सांगितले. त्यानंतर कृष्ण पाल मिशनमध्ये नियमित जाऊ लागले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून भोजन केले आणि जातिबंधन उघडपणे मोडले. संतप्त जमावाने त्यांना डॅनिश न्यायाधिकाऱ्यापुढे नेले. मात्र त्याने त्यांची मुक्तता केली. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत कॅरींनी आपला पुत्र फेलिक्स याच्यासह त्यांना बाप्तिस्मा दिला.

कुटुंबावरील परिणाम

या निर्णयाची झळ कुटुंबालाही बसली. बालपणी विवाह ठरलेल्या त्यांच्या थोरल्या मुलीला बळाने कलकत्त्यास नेण्यात आले. पुढे ती परत आली व तिने बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी व मेहुणी जयमणी यांनी १८०१ साली बाप्तिस्मा घेतला. १८०३ मध्ये त्यांच्या दुसऱ्या मुलीचा विवाह कृष्णप्रसाद या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी झाला. सुताराची मुलगी व ब्राह्मण वर यांचा हा विवाह नव्या मंडळीत जातिभेद न पाळण्याच्या धोरणाचे ठळक उदाहरण ठरला.

धर्मप्रसाराचे कार्य

कृष्ण पाल यांनी आपल्या घरासमोर लहानसे प्रार्थनागृह बांधले. पुढे ते कलकत्त्यात उपदेशक म्हणून काम करू लागले. १८१३ च्या सुमारास ते सिल्हेटच्या सीमेवरील पांडुआ येथे गेले. तेथे त्यांनी बाप्तिस्मा दिलेल्यांमध्ये दोन खासी व्यक्ती होत्या. खासी समाजातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते. त्यांनी बंगालीत ख्रिस्ती गीते रचली; त्यांपैकी एकाचे जोशुआ मार्शमन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर ब्रिटन व अमेरिकेतील उपासनांमध्येही गायले गेले.

मृत्यू व महत्त्व

१८२२ साली पटकीच्या आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या आधी जात सोडून या मंडळीत आलेल्या कोणाचा आधार त्यांच्यासमोर नव्हता. त्यांच्यानंतर येणाऱ्यांना मात्र त्यांचे घर, उपदेश व गीते यांचा आधार मिळाला. परदेशी मिशनऱ्यांच्या प्रयत्नाला बंगाली आवाज मिळवून देणारे म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.