अंगणातील शाळा आणि ताराबाई मोडक

कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. तान्ही मुलेही त्यांच्यासोबत फडावर जातात. अशा बालकांच्या शिक्षणाचा विषय निघाला की प्रथम पैशाची अडचण पुढे केली जाते. ही अडचण नेमकी कशाची आहे, याचा उलगडा ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्यातून होतो.

१८९२ साली मुंबईत केळकर कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. वैवाहिक जीवनात विसंवाद आल्यावर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मानाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. मुलाचे शिक्षण अक्षरापासून नव्हे, तर हात, डोळे आणि कान यांपासून सुरू होते, हा मारिया माँटेसरी यांचा विचार तेथे त्यांनी आत्मसात केला. लहानमोठे लाकडी दट्टे, रंगीत पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, भिन्न स्वरांच्या घंटा ही त्या पद्धतीची साधने होत. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार सुरू झाले. परंतु काटेकोर मापाने घडविलेली ही साधने महाग असल्याने पद्धतीचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गापुरता राहिला.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. खडे, शिंपले, पाने, फुले आणि बिया हीच साधने झाली. आकार, रंग, गंध व स्पर्श यांची ओळख त्यांतून विनामूल्य होऊ लागली. पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मोठ्या बहिणीची शाळा सुटू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. १९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविल्या गेलेल्या ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आज इंद्रियविकासाच्या नावाने महागड्या खेळण्यांची बाजारपेठ फोफावली आहे. ताराबाईंच्या कार्याचा अर्थशास्त्रीय बोध मात्र निराळा आहे. बालशिक्षणात खेळणे दुर्मिळ नसते. दुर्मिळ असते ते जाणत्या माणसाचे लक्ष. दिसेल ती वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या बालकाजवळ बी किंवा खडा ठेवायचा, तर प्रशिक्षित सेविका शेजारी हवीच. तिचे वेतन हाच खरा खर्च होय, आणि काटकसरीची कात्री नेमकी तेथेच चालते.

बालकाच्या इंद्रियविकासाचे दिवस गाळप हंगाम संपेपर्यंत थांबत नाहीत. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व बोर्डीच्या अंगणात सिद्ध झाले आहे. ते उसाच्या फडापर्यंत नेण्यास साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती सेविकेला पुरेसे वेतन देण्याच्या निर्धाराची.