आयझॅक असिमॉव्ह : दुकानात बसून आकाशगंगा पाहणारा मुलगा



तुमचे आईबाबा विमानाने या देशात आले. आज ज्यांची ओळख करून देणार आहे, ते विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमॉव्ह तीन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर बोटीने अमेरिकेत आले.

त्यांचा जन्म रशियातील पेत्रोविची या गावी झाला. जन्मतारीख नक्की ठाऊक नसल्याने ते २ जानेवारी १९२० ही तारीख मानत. १९२३ साली हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. घरात यिडिश भाषा चाले. आईवडिलांना रशियन येई, पण त्यांनी ती मुलाला शिकवली नाही आणि त्याला ती कधीच आली नाही. सुट्टीच्या दिवशी मराठी वर्गाला यायचा कंटाळा आला, की हे आठवा!

वडिलांचे गोळ्या-चॉकलेटचे दुकान होते. शाळा सुटली की छोटा आयझॅक तिथे मदतीला जाई. दुकानात कथांची मासिके विकायला असत, पण ती वाचायला वडिलांची सक्त मनाई. १९२९ साली एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द दिसला आणि आयझॅकने वडिलांना पटवले, की हे अभ्यासाचेच आहे! मात्र वाचून झाल्यावर अंक कोरा करकरीत परत ठेवावा लागे. तो विकायचा होता ना!

अठराव्या वर्षी ते स्वतःची पहिली कथा घेऊन संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला गेले. कथा परत आली. तरी लिहिणे थांबले नाही. १९३९ साली त्यांची एक कथा दुसऱ्या मासिकात छापून आली.

यंत्रमानवासाठी त्यांनी तीन नियम केले. माणसाला इजा करू नये किंवा होऊ देऊ नये, माणसाची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावे. यात वरचा नियम खालच्यापेक्षा मोठा. १९४२ च्या एका कथेत बुध ग्रहावरचा यंत्रमानव दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमात अडकून गोल गोल फिरत राहतो. शेवटी एक माणूस मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम त्याला सोडवतो. माझा प्रोग्रॅम असा फिरत राहिला, की मला हीच कथा आठवते.

पुढे ते रसायनशास्त्रात डॉक्टरेट होऊन बॉस्टन विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या नावावर सुमारे ५०० पुस्तके आहेत. आकाशगंगाभर कथा फिरवणारा हा माणूस विमानात बसायला मात्र घाबरे! वाचकांच्या पत्रांना ते स्वतः उत्तरे देत. त्यांच्या भावाच्या अंदाजाने अशी पत्रे आणि कार्डे ९०,००० भरली.

म्हणूनच ६ एप्रिल १९९२ रोजी ते गेले, तेव्हा असंख्य वाचकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. हृदय आणि मूत्रपिंड निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. खरे कारण त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी २००२ साली उघड केले. १९८३ च्या हृदयशस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून त्यांना एड्सचे विषाणू लागले होते. लोक या रोग्यांना दूर लोटत, म्हणून डॉक्टरांनी गप्प राहण्याचा सल्ला दिला होता. आयुष्यभर विज्ञान समजावून सांगणाऱ्या माणसाला आपला आजार लोकांच्या अज्ञानापायी लपवावा लागला.

पालकहो, ही गोष्ट मुलांना जरूर समजावून सांगा. आणि मुलांनो, लायब्ररीत गेलात की त्यांचे एखादे पुस्तक नक्की आणा. परत करताना कोरे करकरीत ठेवा हं!