शाहीर राम जोशी

आपल्या गांवावरून वाहणारी भीमा पुढें पंढरपुरास जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, घरानें घालवून दिलेला एक तरुण तेथें विद्येसाठीं जाऊन राहिला. त्याचें नांव राम जोशी.

सोलापूरच्या विद्वान् ब्राह्मण घराण्यांत त्यांचा जन्म झाला. परंतु त्यांचें मन पोथीपेक्षां धोंडी शाहिराच्या तमाशांत रमे. ते त्याच्यासाठीं लावण्या रचूं लागले, तेव्हां वडील बंधु मुद्गल यांनीं त्यांस घराबाहेर काढलें. पंढरपुरास पाध्ये शास्त्र्यांजवळ त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. मात्र गाणें सोडलें नाहीं. मिळविलेली विद्या त्यांनीं लावणींतच ओतली. पुढें बारामतीचे कवि मोरोपंत (१७२९–१७९४) यांनीं त्यांची वाणी ऐकून त्यांस कीर्तनाकडे वळविलें, असें सांगतात. पंतांच्या पंडिती आर्या राम जोशांच्या कंठानें सामान्य जनांपर्यंत पोहोंचल्या.

आयर्लंडांतील ऑकॅरोलन (१६७०–१७३८) अठराव्या वर्षीं देवीच्या रोगानें अंध झाला. त्याच्या वडिलांच्या धनिणीनें त्यास हार्प हें तंतुवाद्य शिकविण्याची सोय केली, आणि शिक्षण संपतांच घोडा व वाटाड्या दिला. त्याच्या दोनशेंहून अधिक चाली आज टिकून आहेत.

एकास घरानें दूर लोटलें, दुसऱ्यास परक्यांनीं उभें केलें. पण गुरूवांचून दोघांचाही गुण फुलला नसता. म्हणून पालकांस आमची विनंती कीं, मुलाचा नाद मोडण्याआधीं त्यास गुरु शोधून द्यावा. विद्यार्थ्यांनींही ध्यानांत ठेवावें कीं, राम जोशांच्या डफास विद्येची जोड होती.